भिंतीलगतचा वारा

(अकादमीच्या वार्षिक सभेत हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



साहित्याच्या अध्यापिकेने वाऱ्याच्या मोजमापावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कारण साधे आहे. आपल्या परिभाषा समितीकडे यंदा यंत्र अभियांत्रिकीच्या शब्दांची यादी आली आणि तिच्यात एकाच प्रकरणातले शब्द ओळीने होते : इम्पिंजिंग जेट, स्टॅग्नेशन पॉइंट, वॉल जेट, बाउंडरी लेयर, टर्ब्युलन्स, हॉट वायर. समितीत दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, हे शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिहावेत आणि मोकळे व्हावे. दुसऱ्याचे म्हणणे, संस्कृत धातू हाताशी असताना उसनवारी कशाला? मी दोन्ही पक्षांकडे मुदत मागितली. ज्या वस्तूचे नाव ठरवायचे ती वस्तू आधी पाहू द्या, एवढीच माझी विनंती होती. पुढचे सहा-सात महिने मी जे पाहिले, वाचले आणि समजावून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवते.

हा वाद निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकवण्याची वाट मोकळी केली आणि पाठ्यपुस्तकांची भाषांतरे सुरू झाली. आपण ठरवू तो शब्द उद्या एखाद्या आदिलाबादच्या, किनवटच्या मुलाच्या वहीत जाईल.

तर आधी वस्तू.

आपल्या शहरात इराणी हॉटेलात बसलेला जुना माणूस चहा बशीत ओततो आणि तिच्यावर फुंकर घालतो. ओठांतून निघालेला झोत चहाच्या पृष्ठभागावर आदळतो, तिथे थबकतो, वळतो आणि पृष्ठभागाला बिलगून चहूकडे पसरत बशीच्या काठाकडे जातो. चहा निवतो. हाच तो इम्पिंजिंग जेट. न्हाणीघरातला नळ सोडला तर हेच पाण्यात दिसते : धार फरशीवर पडते, पडल्या जागेभोवती पाण्याचा पातळ, गुळगुळीत चकचकीत गोल होतो आणि काही अंतरावर पाणी एकदम उंच होऊन खळबळते. हवेच्या बाबतीत आपल्याला काही दिसत नाही, एवढाच काय तो फरक. (नळाच्या गोलाची कड कशी तयार होते ही निराळी गोष्ट आहे, तिच्यात मी शिरत नाही.)

फुंकर घातल्याने वस्तू निवते हे लहान मुलालाही ठाऊक असते. किती निवते, आणि नेमकी कुठे जास्त निवते, हे मात्र अजूनही अवघड प्रश्नांत मोडते. याचे उत्तर बशीपुरते नको असते. विमानाच्या इंजिनात टर्बाइनची पाती ज्या वायूत फिरतात तो वायू पात्याच्या धातूला मऊ करील इतका तापलेला असतो. म्हणून पाती आतून पोकळ ठेवतात आणि आतल्या भिंतीवर बारीक छिद्रांतून थंड हवेचे झोत मारतात. आतून फुंकर, असेच म्हणा ना. आपल्याच शहरातल्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेने निकेलच्या मिश्रधातूची एकस्फटिकी पाती ओतण्याचे तंत्र विकसित केले. अशी ६० पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिल्याची घोषणा २०२१ साली झाली. धातू कितीही चांगला असला तरी त्याला किती सोसावे लागेल हे शेवटी पृष्ठभागालगतच्या हवेवरच ठरते. शहरातल्याच क्षेपणास्त्र संकुलात १९ डिसेंबर २०२० रोजी ध्वनीच्या पाचपट ते बारापट वेगाच्या वाऱ्याचा बोगदा सुरू झाला. त्याच्या झोताचे तोंड एक मीटर व्यासाचे आहे. तिथे झोत स्थिर असतो आणि त्यात प्रतिकृती धरतात. प्रश्न मात्र तोच : कातडीलगत काय घडते?

‘लगत’ हा शब्द इथे कळीचा आहे, म्हणून जरा थांबते.

घरातला पंखा महिनाभर पुसला नाही तर त्याच्या पात्यांवर धूळ बसते. दिवसभर गरागरा फिरणाऱ्या पात्यावरची धूळ वाऱ्याने उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी टेकलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या दृष्टीने ती हलतच नाही. प्रवाह कितीही जोरात असो, पृष्ठभागाला स्पर्श करणारा त्याचा शेवटचा पापुद्रा थांबलेला असतो. थोडे वर गेले की वारा पूर्ण वेगात असतो. म्हणजे शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचा सारा प्रवास एका पातळ थरात उरकतो. घर्षण, उष्णतेची देवघेव आणि बहुतेक भोवऱ्यांचा जन्मही तिथेच होतो.

ही गोष्ट लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत मांडली. छापून आली तेव्हा ती अवघी आठ पानांची होती. माझ्यासारखीला त्यात गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आज जगभर रूढ असलेला ‘ग्रेन्झशिश्ट’, म्हणजे सीमेवरचा थर, हा शब्द त्या निबंधात एकदाच येतो. ‘उबरगांग्सशिश्ट’, म्हणजे संक्रमणाचा थर, हा शब्द त्याने अधिक वेळा वापरला आहे. सिद्धांत मांडणाऱ्याचाच शब्द निबंध संपेपर्यंत ठरलेला नव्हता. आमच्या समितीने तीन बैठकांत तो ठरवला नाही म्हणून कोणी आम्हाला फार बोलू नये.

या प्रांटलच्या हाताखाली ग्योटिंगेनला डॉक्टरेट केलेला एक मराठी माणूस होता आणि मराठी वाचकाला तो जवळजवळ अनोळखी आहे, याची मला खंत वाटते. विष्णु माधव घाटगे. कोल्हापूरच्या परिसरात १९०८ साली जन्म, १९३६ साली ग्योटिंगेनची डॉक्टरेट. परत येऊन ते बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेच्या, १९४२ साली सुरू झालेल्या, विमानविद्या विभागाच्या पहिल्या अध्यापकांत होते आणि हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत विमानांचे आरेखन करत होते. एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले आणि १९५१ साली उडाले. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच १९५१ साली सतीश धवन यांनी अमेरिकेत कॅलटेकमध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. त्यांचा विषय आजच्या विषयाला अगदी खेटून होता. पृष्ठभागाचा एक छोटा तुकडा बाकीच्या पृष्ठभागापासून सुटा, पण त्याच पातळीत ठेवायचा, आणि वारा त्याला पुढे किती ओढतो ते थेट मोजायचे. भिंतीलाच तराजू बनवायचे. किती सरळ कल्पना आहे ही! मला तर ती एखाद्या चांगल्या कथेच्या रचनेसारखी वाटते : सांगणारा बाहेर उभा नाही, ज्याच्यावर गुदरते आहे तोच सांगतो आहे.

आता प्रयोगशाळेत जाऊ. माझी एक जुनी विद्यार्थिनी शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आदिलाबाद जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. तिच्याकडे आदळत्या झोताचा संच आहे. मी म्हटले, “मला दाखव.” ती म्हणाली, “मॅडम, पाहण्यासारखं काही नाही हो. एक नळी, एक पत्रा.” खरेच तेवढेच होते. एक लांब सरळ नळी, साधारण अडीच सेंटिमीटर आतला व्यास, तिच्या तोंडासमोर पाच सेंटिमीटरवर आरशासारखा घासलेला पत्रा. नळीतून वारा येतो तो सेकंदाला चौदा मीटर, म्हणजे रस्त्यावरच्या स्कूटरच्या वेगाने. त्यात आणि पत्र्याच्या मध्ये एक तार.

मला आधी ती दिसलीच नाही. दोन सुयांच्या टोकांमध्ये जोडलेली टंगस्टनची तार, लांबी मिलिमीटरभर, जाडी पाच मायक्रॉन. आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. मी वाकून पाहायला गेले तोच तिथला मदतनीस ओरडला, “मॅडम, नक्को!” (दख्खनीतला ‘नक्को’ आपल्याच ‘नको’चा भाऊ आहे. या शहरात धोक्याची सूचना मराठीतून मिळते, हे समितीच्या इतिवृत्तात नोंदवायला हरकत नाही.) नुसत्या स्पर्शानेही तार तुटू शकते. आदल्या आठवड्यात एक तार पत्र्याला टेकून तुटली होती आणि नवी यायला वेळ लागला होता.

या तारेत वीज सोडून ती दोनशे अंशांच्या पुढे तापवतात. वारा तिला निववू पाहतो. यंत्र तिचे तापमान ढळू देत नाही. वारा वाढला की वीज वाढवते, कमी झाला की कमी करते. किती वीज द्यावी लागली यावरून वाऱ्याचा वेग कळतो. वेग आणि निवणे यांचे गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ साली माँट्रियलमध्ये बसवले, ते आजही वापरतात. म्हणजे पाहा, फुंकरीने वस्तू किती निवते हे शोधायला फुंकरीत आणखी एक तापलेली वस्तू धरायची आणि ती किती निवते ते पाहायचे. तार इतकी बारीक असल्यामुळे ती सेकंदात हजारो वेळा होणारे बदलही टिपते. पडद्यावर जी रेघ उमटते ती मी पाहिली. सरासरी वेग सांगणारा एक आकडा खाली स्थिर होता आणि वर ती रेघ अशी थरथरत होती की दोन्ही एकाच वाऱ्याचे वर्णन आहे यावर विश्वास बसू नये.

आता खरी अडचण. माझ्या विद्यार्थिनीने कागदावर हिशोब करून दाखवला : या संचात आदळून वळलेल्या वाऱ्याचा वेग पत्र्यापासून साधारण मिलिमीटरभर उंचीवर सर्वांत जास्त असतो. त्याच्या खाली तो झपाट्याने उतरत शून्यावर येतो. ज्या पापुद्र्यात हवेचा चिकटपणाच सर्व काही ठरवतो तो जेमतेम एक दशांश मिलिमीटर. एका केसाच्या जाडीएवढ्या जागेत तार न्यायची आहे. ती पत्र्यापासून नेमकी किती उंचीवर आहे हे कसे कळणार? पत्रा घासून आरसा केला आहे तो यासाठीच. दुर्बिणीतून तार आणि तिचे प्रतिबिंब दोन्ही दिसतात. त्या दोहोंतल्या अंतराचे निम्मे, ती उंची. स्क्रू फिरवत तार खाली आणत जायची आणि ती आपल्याच प्रतिबिंबाला भेटण्याआधी थांबायचे.

आणि इतके करून ती खोटे बोलते! पत्रा जवळ आला की तारेची उष्णता वाऱ्याकडे जाते तशी पत्र्याकडेही जाऊ लागते. यंत्राला तो भेद कळत नाही. त्याला वाटते, तार जास्त निवली म्हणजे वारा जास्त आहे. म्हणून भिंतीच्या अगदी लगत, जिथे वारा मंदावत शून्याकडे जातो, तिथेच यंत्र वेग वाढल्याचे दाखवते. शिवाय वारा पुढे चालला आहे की मागे, हेही एका तारेला सांगता येत नाही. निवणे दोन्हीकडून सारखेच. उभी आणि आडवी हालचाल वेगवेगळी कळावी म्हणून दोन तारा फुलीच्या आकारात लावतात, पण फुलीला जागा जास्त लागते, म्हणून ती भिंतीच्या तितकी जवळ जात नाही. एका प्रश्नाचे उत्तर मिळवायला जवळ जावे तर दुसरे उत्तर हातचे सुटते.

मी तरुणपणी सीमाभागातल्या बोलीचे नमुने गोळा करत हिंडले आहे. समोर टेपरेकॉर्डर ठेवला की म्हातारी बाई शाळामास्तरासारखी बोलू लागायची. ही आठवण मला तिथे आली, हे कबूल. पण ते साम्य फार ताणू नये. म्हातारी आपल्याकडे पाहून बदलते, वारा कोणाकडे पाहून बदलत नाही. तारेची चूक मोजता येते, कागदावर वजा करता येते. आमच्या नोंदींतली चूक वजा करायची सोय आम्हाला कधी सापडली नाही.

तारेला पर्याय निघाले आहेत. १९६४ साली ये आणि कमिन्स यांनी दाखवले की प्रवाहातल्या बारीक कणांवरून परतणाऱ्या लेझरच्या प्रकाशावरून वेग काढता येतो. तिथे काहीच तापवावे लागत नाही आणि उलटा वाराही कळतो. पुढे हवेत मायक्रॉनभर आकाराचे थेंब सोडून, प्रकाशाच्या पातळ पडद्यात लागोपाठ दोन छायाचित्रे घेऊन, कोणता थेंब किती सरकला ते मोजण्याची रीत आली. पण भिंतीवरून परत फिरणारा प्रकाश कॅमेऱ्याचे डोळे दिपवतो, आणि अगदी लगत थेंबही थोडेच पोचतात. भिंत कोणालाच सहजासहजी जवळ येऊ देत नाही.

इतका आटापिटा कशासाठी? माझाही पहिला प्रश्न हाच होता. संगणकाला समीकरणे द्या, तो उत्तर देईल. त्याचे उत्तर मला मँचेस्टरच्या एका प्रयोगात मिळाले. कूपर, जॅक्सन, लाँडर आणि लिआव या चौघांनी १९९३ साली आदळत्या झोताची मोजमापे प्रसिद्ध केली. लांब नळी, सपाट पृष्ठभाग, नळीच्या व्यासाच्या दुप्पट ते दहापट अंतर, तप्त तारेने भिंतीपर्यंत घेतलेले वेग. उद्देश असा की संगणकी गणिताची परीक्षा घेता यावी. सोबतच्या निबंधात त्या काळी सर्वत्र चालणारे गणित पडताळून पाहिले, तर जिथे झोत आदळून थबकतो तिथे ते गणित प्रत्यक्षाहून कितीतरी जास्त खळबळ आणि जास्त उष्णता वाहून गेल्याचे दाखवत होते. कारण असे की ते गणित बसवले होते भिंतीला समांतर घासत जाणाऱ्या वाऱ्यावरून. समोरून येऊन भिंतीवर दाबला जाणारा वारा निराळा वागतो. भिंत त्याची आत-बाहेर होणारी हालचाल दाबून टाकते आणि ती बाब गणितात कोणी लिहिलीच नव्हती. पात्याची रचना करणाऱ्याने या गणितावर विसंबून हवा सोडली असती, तर पाते जळण्याचा धोका होता. आणखी एक गोष्ट : नळी जवळ, म्हणजे व्यासाच्या दुप्पट अंतरावर असेल, तर सर्वांत जास्त निवणे मध्याभोवती होते, बाहेर जाताना ते घटत जाते आणि मध्यापासून साधारण दोन व्यासांवर पुन्हा वाढते. दुसरे शिखर! साध्या फुंकरीला दोन शिखरे असतात, हे मला इतकी वर्षे कोणी सांगितले नव्हते. त्याचा संबंध भिंतीलगतच्या भोवऱ्यांशी जोडतात आणि त्यावर आजही लिहिले जाते.

आता शब्द.

‘टर्ब्युलन्स’साठी परिभाषेत ‘संक्षोभ’ आणि ‘प्रक्षोभ’ हे शब्द फिरतात. समितीतले एक सदस्य म्हणाले, प्रक्षोभ तर मोर्चात होतो, वाऱ्यात कसा? आक्षेप ऐकून मी इंग्रजी शब्दाचे मूळ पाहिले. लॅटिन ‘तुर्बा’ म्हणजे गर्दी, गोंधळ, दंगा. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली, पुन्हा मँचेस्टरमध्येच, काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची रेघ सोडून ती कधी सरळ राहते आणि कधी विस्कटते ते पाहिले. त्याने त्या विस्कटण्याला ‘सिन्युअस’ म्हटले, म्हणजे नागमोडी. ‘टर्ब्युलंट’ हा शब्द १८८७ साली लॉर्ड केल्विनने वापरला. त्या शब्दाचे मूळ दंग्यातच होते. म्हणजे त्यांनीही मोर्चातलाच शब्द उचलला. मग आपल्याला संकोच का असावा? माझे मत ‘संक्षोभ’ला आहे. प्रक्षोभ रोजच्या बातम्यांनी झिजवला आहे, आणि ‘क्षुब्ध’ सागर मराठी कानाला आधीच परिचित आहे. पण पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा येईल तेव्हा शेजारी ‘खळखळ’ हा शब्दही असावा असा माझा आग्रह आहे. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण रचणाऱ्याला सीमेवरच्या थराची कल्पना नसेल, पण उथळ पाणी म्हणजे तळापासून वरपर्यंत सगळेच भिंतीलगतचे पाणी, हे त्याच्या कानांना कळले होते.

‘फ्लुइड’साठी मराठी विश्वकोशाने द्रव आणि वायू यांची सांगड घालून ‘द्रायू’ केला आणि ‘द्रायुयामिकी’ अशी नोंद दिली. लोक हसतात. मला तो शब्द आवडतो. दोन्ही वाहतात म्हणून दोघांचे एक नाव, हे त्या शब्दात नुसते पाहून कळते. ‘व्हिस्कॉसिटी’चा ‘श्यानता’ मात्र मला पटत नाही. तो वाचून कोणाच्याही डोळ्यांपुढे काही येत नाही. काकवी आणि पाणी यांतला फरक ज्याला सांगायचा त्याला ‘चिकटपणा’ का चालू नये? शास्त्र चिकटपणाने खाली येत नाही.

‘हवा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला आहे. तो परका आहे असे कोणाही मराठी माणसाला वाटत नाही. म्हणून ‘नोझल’, ‘टर्बाइन’, ‘लेझर’ यांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तूचे नाव वस्तूबरोबर येते. ‘झोत’ मात्र आपला आहे, नेमका आहे, जेटपेक्षा जुना आहे. तिथे जेट लिहिणे आळसाचे होईल.

या शहरात हा प्रयोग एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झाले. त्याच्या आधी, १९१७ मध्ये, भाषांतराचे खाते उघडले होते. गणित, भौतिकी, वैद्यक, अभियांत्रिकी सारे उर्दूत आणले गेले. प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी शब्द कसे घडवावेत यावरच १९२१ साली ‘वज़्-ए-इस्तिलाहात’ हे पुस्तक लिहिले. केवळ अरबीच्या साच्यात न अडकता भाषेच्या स्वतःच्या घडणीला मानवतील असे शब्द करावेत, असा त्यांचा कल होता. मराठवाड्यातल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येक त्या माध्यमातून पदवीधर झाले. १९४८ नंतर ते माध्यम गेले आणि पुस्तके कपाटात राहिली. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्यांच्या राज्यात ते माध्यम कोणाच्या सोयीचे होते, हा प्रश्न तेव्हाही होता, मी तो झाकत नाही. पण शब्द कच्चे होते म्हणून तो प्रयोग थांबला असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शब्द चांगले होते. ते शब्द घेऊन प्रयोगशाळेत उभे राहणारे लोक उरले नाहीत.

‘बाउंडरी लेयर’कडे शेवटी येते, कारण इथेच मला माझ्या विद्यार्थिनीने अडवले. मी ‘सीमास्तर’ या शब्दाच्या बाजूने बोलत होते. सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांना माहीत असते की सीमा ही नकाशावरची रेघ नसते, तिला रुंदी असते, तिच्यात गावे असतात, वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “मॅडम, मी पदवीची दोन वर्षं बाउंडरी लेयरचे सगळे हिशोब बरोबर सोडवले. पण मला वाटायचं तो पत्र्यावर दिलेला काहीतरी लेप असतो. रंगाचा थर असतो ना, तसा. तो वाऱ्याचाच भाग आहे, हे मला एम. टेक.ला तार हातात आल्यावर कळलं. तुमच्या स्तरानेही तेच होईल.” वर्गात कोणाला विचारले नाहीस का, असे मी म्हटले. ती म्हणाली, “इंग्रजीत विचारायचं कसं ते कळत नव्हतं. आणि मार्क तर मिळत होते.”

तिच्या गावाकडचा एक मुलगा तिच्यानंतर त्याच महाविद्यालयात आला होता. त्याला मार्कही मिळाले नाहीत. पहिल्या वर्षानंतर तो परत गेला.

म्हणून ‘सीमास्तर’वरचा माझा हट्ट मी सोडला आहे. कोशात तो शब्द राहू द्या, इतर भाषांशी मेळ बसायला तो उपयोगी पडेल. पण पाठ्यपुस्तकात नाव घेताच ‘हा वाऱ्याचा भाग आहे, भिंतीचा नव्हे’ हे कळेल असा शब्द हवा. ‘लगतवारा’ असा एक शब्द तिने सुचवला. व्याकरणाच्या दृष्टीने तो मला खटकतो, आणि पाण्याच्या बाबतीत तो चालणार नाही. ‘लगतप्रवाह’ म्हटले तर ‘वॉल जेट’ला काय म्हणायचे? कारण आदळून पसरणाऱ्या झोताची गंमत अशी की त्यात भिंतीलगतचा थरही असतो आणि त्याच्यावर झोताचा बाहेरचा अर्धाही. दोघांच्या सांध्यावर जिथे वेग सर्वाधिक असतो, तिथेच थरांमधली ओढ शून्य असावी अशी अपेक्षा. मोजल्यावर मात्र ती भिंतीच्या अधिक जवळ शून्य होते. वरचा अर्धा खालच्यात घुसखोरी करतो. त्यामुळे दोघांना दोन नावे हवीतच, आणि ती एकमेकांत मिसळता कामा नयेत. ‘स्टॅग्नेशन पॉइंट’ला मी ‘थबकबिंदू’ सुचवला आहे. त्यावर आतापर्यंत कोणी आक्षेप घेतलेला नाही. हॉट वायरला ‘तप्त तार’ पुरे.

यादीतले हे दोन शब्द मोकळे ठेवून समिती बाकीची यादी पुढच्या महिन्यात छपाईला देणार आहे. सभागृहाच्या दाराशी टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. भिंतीलगतच्या थराला आणि भिंतीलगत पसरणाऱ्या झोताला आपल्याला सुचेल ते नाव लिहून द्यावे, बोलीतले असेल तर गावाचे नावही खाली लिहावे. उफणणी करणाऱ्या, होडी वल्हवणाऱ्या, भाता ओढणाऱ्या माणसांकडे यासाठी शब्द असण्याची शक्यता मला अधिक वाटते. अशा कोणाशी आपली ओळख असेल तर त्यांना विचारून कळवले तरी चालेल. माझी विद्यार्थिनीही आज इथे आली आहे. तारेविषयी कोणाला काही विचारायचे असेल, तर ते मराठीतच तिला विचारावे.